काचेच्या बरणींतील पोवळ्याचा भाऊबंद

अंगठींत बसविण्यांत येणारें लाल पोवळें हा खडा नसून भूमध्यसमुद्रांतील एका प्राण्याच्या वसाहतीचा सांगाडा होय. उथळ समुद्रांतील बहुतेक पोवळ्यांच्या अंगांत सूक्ष्म शैवल राहतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें व त्याचा मोठा वाटा यजमानास देतें. लाल पोवळ्यास, तसेंच कपारींच्या सावलींत वाढणाऱ्या नारिंगी ट्यूबॅस्ट्रियास असा भाडेकरू नसतो. प्रवाहाबरोबर येणारे बारीक जीव शुंडकांनीं पकडून तीं पोट भरतात.

म्हणूनच अशीं पोवळीं काचपेटींत सांभाळणें कठीण. तेथें दिवा लावून भागत नाहीं. प्रत्येक मुखाशीं अन्न पोंचवावें लागतें. उरलेलें अन्न कुजून अमोनिया होतो आणि पेटी जितकी लहान तितकें तें विष लवकर साठतें. अन्न कमी पडलें तर उपासमार, अधिक झालें तर विषबाधा.

हिंगोलीसारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांत आणखीहि अडचणी आहेत. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात व ते केवळ मिठाचे नसतात. शिवाय ट्यूबॅस्ट्रिया ज्या गणांत मोडतें त्या सर्व कठीण पोवळ्यांस २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें कवच आहे. जिज्ञासूंनीं त्यामुळें पोवळ्याच्या गोड्या पाण्यांतील भाऊबंदाकडे, जलव्यालाकडे, वळावें. दंशपेशींनीं भरलेलीं शुंडकें आणि भक्ष्य धरण्याची तऱ्हा दोघांची एकच.

दोन-तीन लिटरांची रुंद तोंडाची बरणी पुरे. नळाचें पाणी दोन दिवस उघडें ठेवून मग घालावें. तांब्याच्या हंड्यांतील पाणी वर्ज्य. तांब्याचा अंशहि जलव्यालास मारक ठरतो. कयाधूच्या संथ डोहांतील किंवा एखाद्या तळ्यांतील पाणवनस्पती आणून बरणींत सोडावी व बरणी उन्हापासून दूर ठेवावी. पानास वा काचेस चिकटलेला, उसवलेल्या दोऱ्याच्या टोकासारखा, सेंटिमीटरभर जीव दिसल्यास तो जलव्याल. न मिळाल्यास दुसरें पाणी पाहावें. हिरव्या जातीच्या अंगांत शैवल असतें; म्हणून तपकिरी निवडावा.

खाद्य म्हणजे डॅफ्निया ही टांचणीच्या डोक्याएवढी जलपिसू. तळ्याचें पाणी तलम फडक्यांतून गाळल्यास ती मिळूं शकते. एक दिवसाआड मोजक्याच पिसवा सोडाव्या, तीन-चार तासांनीं उरलेल्या काढाव्या आणि निम्में पाणी बदलावें. पोट भरलेल्या जलव्यालाच्या अंगावर कळ्या फुटून पिलें सुटतात. तो आंखडून गोळा होऊन राहिला तर पाणी बिघडल्याची शंका घ्यावी. मराठवाड्याचा उन्हाळा त्यास मानवत नाहीं. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम.

आब्राहाम ट्रेंब्ली यानें अशाच साध्या बरण्यांत जलव्याल पाळले आणि कापलेल्या तुकड्यांपासून नवे जीव होतात हें १७४४ च्या ग्रंथांत जगापुढें मांडलें. घरांतील मुलांस ही बरणी एवढें निश्चित शिकवील, कीं पाळलेल्या जीवास घांस भरविणें हें अर्धें काम. उष्टें काढणें हें उरलेलें अर्धें.