तीस हजारांचे दशक : महाराष्ट्राच्या ग्रंथालय धोरणाचा मागोवा

महाराष्ट्रातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये सरकार चालवत नाही. ती गावातली माणसे संस्था नोंदवून चालवतात आणि सरकार त्यांना मान्यता व वार्षिक अनुदान देते. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या आणि कामाच्या वेळा पाहून ग्रंथालयाला ‘अ’, ‘ब’, ‘क’ किंवा ‘ड’ असा दर्जा मिळतो आणि दर्जाप्रमाणे अनुदानाचा आकडा ठरतो. त्यामुळे या राज्यात ग्रंथालयांबाबतचे सांस्कृतिक धोरण काय होते हे शोधायचे, तर प्रस्तावना, उद्दिष्टे आणि शिफारशी वाचून भागत नाही. अनुदानाचे तक्ते पाहावे लागतात. २०२४ साली राज्याचे नवे सांस्कृतिक धोरण आले, तेव्हा हे तक्ते पुन्हा उघडण्याची वेळ आली.

सुरुवात सरकारी नव्हती. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे. त्यातली काही साहेबांच्या पुढाकाराने निघाली आणि पुढे स्थानिक मंडळींनी ती आपलीशी केली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबईचे (१८९८) मात्र मराठी पुस्तकांसाठीच उभे राहिले. राजाश्रयाने ग्रंथालये कशी वाढतात याचा धडा बडोद्याने घालून दिला. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. पुढे संस्थानात जे सूत्र रुळले ते साधे होते : गावाने जितके पैसे जमवायचे, तितकेच प्रांत पंचायतीने आणि तितकेच दरबाराने घालायचे. शिवाय पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांसाठी कायदाच केला. भारतातील असा तो पहिला. मुंबई इलाख्यात १९३९ साली फैजी समिती नेमली गेली, तिने पायरीपायरीची योजना आखून दिली आणि तिची अंमलबजावणी रडतखडत झाली.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला आणि पुढच्या वर्षी ग्रंथालय संचालनालय सुरू झाले. या कायद्यातली मोठी उणीव पहिल्या दिवसापासूनची आहे. मद्रासने १९४८ साली आणि म्हैसूर राज्याने, म्हणजे आजच्या कर्नाटकाने, १९६५ साली ग्रंथालय उपकर बसवला होता. मालमत्ता करासोबत काही पैसे ग्रंथालयासाठी गोळा होत. मंत्री बदलले, सरकार बदलले, तरी तो झरा आटत नसे. महाराष्ट्राने उपकर टाळला. ग्रंथालय निधीत सरकारने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत, अशी तरतूद केली आणि बाकीचे अर्थसंकल्पावर सोडले. सहकारी साखर कारखान्यासाठी उसाच्या बिलातून कपात कशी करायची, हे ज्या राज्याला पक्के ठाऊक होते, त्याला वाचनासाठी घरपट्टीत चार पैसे वाढवणे जड गेले.

१९६८ ते २००० या काळाबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. ग्रंथालये वाढली, संघ स्थापन झाले, अधिवेशने झाली, ‘गाव तेथे ग्रंथालय’ ही घोषणा भिंतींवर रंगली. याच सुमारास बाहेरच्या जगात संस्कृती आणि विकास यांची सांगड घालण्याची भाषा तयार होत होती. १९८२ साली मेक्सिको सिटीत युनेस्कोची जागतिक परिषद झाली, १९९८ साली स्टॉकहोममध्ये ‘विकासासाठी सांस्कृतिक धोरणे’ या विषयावर दुसरी. ठराव चांगले होते. वाई, चिपळूण किंवा उदगीरच्या ग्रंथपालापर्यंत ते पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

राज्याचे पहिले सविस्तर सांस्कृतिक धोरण २०१० साली, सुवर्णमहोत्सवी वर्षात जाहीर झाले. डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा मसुदा केला होता. त्याच वर्षी मराठी भाषा विभाग निघाला. ग्रंथालये मात्र उच्च व तंत्रशिक्षण विभागातच राहिली. पुस्तक छापायला उत्तेजन देणारे साहित्य संस्कृती मंडळ एका खात्यात, ते पुस्तक वाचकाच्या हाती देणारे ग्रंथालय दुसऱ्या खात्यात, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या शेजारी.

धोरण ताजे असतानाच २०१२ साल उजाडले. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. अनुदानात वाढ झाली, ही चांगली. आणि मे महिन्यात महसूल यंत्रणेकडून सगळ्या ग्रंथालयांची पडताळणी झाली. राज्यात तेव्हा सुमारे १२ हजार मान्यताप्राप्त ग्रंथालये होती. त्यांतली काही बंद आढळली, काही फक्त कागदावर, काही एखाद्या पुढाऱ्याच्या माडीवर कुलपात. हा रोग खरा होता आणि ग्रंथालय चळवळीतल्या मंडळींनी तो वर्षानुवर्षे झाकून ठेवला होता, हेही नमूद केले पाहिजे. पण औषध विचित्र निघाले. नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे थांबले, चालू ग्रंथालयांची दर्जावाढ थांबली आणि अनुदान त्या वर्षीच्या आकड्यावर गोठले. खोट्यांबरोबर खऱ्यांनाही शिक्षा झाली आणि ती दहा वर्षे चालली.

‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे त्या दशकातले अनुदान वर्षाला ३० हजार रुपये होते. त्यातला निम्मा भाग वेतनासाठी. म्हणजे ग्रंथपालाला महिन्याकाठी १,२५० रुपये. रोजगार हमीच्या कामावर आठवड्यात मिळणारी मजुरी यापेक्षा फार मागे नव्हती. उरलेल्या १५ हजारांत वर्षभराची पुस्तके, वर्तमानपत्रे, नियतकालिके, खोलीचे भाडे, वीजबिल, पुस्तकबांधणी आणि लेखापरीक्षकाचे शुल्क बसवायचे.

असे ग्रंथालय म्हणजे बहुधा एक खोली. ग्रामपंचायतीच्या मागची किंवा देवळाच्या धर्मशाळेतली. दोन-तीन पत्र्याची कपाटे, लांब टेबल, त्यावर पट्टीत अडकवलेली वर्तमानपत्रे. ग्रंथपाल संध्याकाळी येते, कारण सकाळी ती अंगणवाडीत मदतनीस असते किंवा शिवणकाम करते. टेबलाच्या खणात दाखलनोंदवही आणि देवघेवीची वही. कादंबऱ्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने घातलेले दाखल क्रमांक बोटांनी पुसट झालेले. ज्या कपाटाची काच धुळीने आंधळी झाली आहे, त्यात सरकारी यादीतून आलेली पुस्तके. दिवाळीनंतर सभासदांकडून थोडी जादा वर्गणी घेऊन दिवाळी अंकांची योजना चालते; वर्षातली खरी गर्दी तेव्हाचीच. मार्च संपताना रद्दी विकली जाते आणि त्या पैशांत फिनेल, झाडू आणि एखादा बल्ब येतो.

अनुदान दोन हप्त्यांत मिळे. दुसरा हप्ता आर्थिक वर्षाच्या शेवटी येई आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवावा लागे. या घाईवर एक स्वतंत्र धंदा उभा राहिला. जाड पुठ्ठ्याची, पातळ मजकुराची, छापील किंमत फुगवलेली पुस्तके भरघोस सूट देऊन ग्रंथालयांच्या गळ्यात मारली जात. वाचकाने मागितलेले पुस्तक महाग म्हणून मागे राही आणि कोणी न मागितलेली पन्नास पुस्तके टेम्पोतून उतरत. त्या काळात मराठी वाचक कमी झाला, असा गळा काढणाऱ्या प्रकाशकांपैकी काहींनी हा माल स्वतः छापला होता.

याच दशकाच्या मध्यावर, सप्टेंबर २०१५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे आणि १६९ लक्ष्ये स्वीकारली. संस्कृतीसाठी त्यात स्वतंत्र उद्दिष्ट नाही. ११.४ मध्ये वारसा आहे, ४.७ मध्ये शिक्षणातून संस्कृतीची जाण आहे आणि १६.१० मध्ये माहिती सर्वांना मिळण्याचा हक्क आहे. या शेवटच्या लक्ष्यासाठी जगभरच्या ग्रंथालय संघटनांनी जोर लावला होता. गावातल्या मुलाला स्पर्धा परीक्षेचे पुस्तक, शेतकऱ्याला पिकाची माहिती आणि घराबाहेर बसायला जागा नसलेल्या बाईला संध्याकाळचा एक तास फुकट देणारी दुसरी कोणती सार्वजनिक संस्था आहे? महाराष्ट्राला ती नव्याने उभारायची नव्हती. हजारो ठिकाणी ती होतीच आणि तीच गोठवून ठेवलेली होती.

पैसा अजिबात नव्हता असे नाही. ४ मे २०१७ रोजी महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचे भिलार ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून जाहीर झाले. २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तके, रंगवलेल्या भिंती, स्ट्रॉबेरीच्या हंगामात येणारे पर्यटक. कल्पना देखणी आहे आणि भिलारकरांनी घराची दारे मोकळ्या मनाने उघडली. पुढे वेरूळ, नवेगाव बांध, पोंभुर्ले आणि अंकलखोप ही गावे त्या यादीत आली. पण पर्यटकाने चाळलेले पुस्तक आणि सभासदाने घरी नेऊन वाचलेले पुस्तक यांत फरक आहे. पहिल्याचे छायाचित्र निघते, दुसऱ्याची देवघेवीच्या वहीत फक्त एक ओळ पडते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. दारूची दुकाने मे महिन्यात उघडू लागली. ग्रंथालयांना परवानगी मिळाली १५ ऑक्टोबरला. मधल्या पावसाळ्यात बंद कपाटांत कसर आणि वाळवी लागली. वर्गणी थांबली, काही सभासद परतलेच नाहीत. २०२२ पर्यंत मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या सुमारे ११ हजारांवर उतरली होती. राज्यात गावे ४० हजारांहून अधिक आहेत, हे ‘गाव तेथे ग्रंथालय’ या घोषणेशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

२०२२ सालीच युनेस्कोने मेक्सिको सिटीतील परिषदेत संस्कृतीला जागतिक सार्वजनिक हित म्हटले आणि सार्वजनिक ग्रंथालयांच्या जाहीरनाम्यात शाश्वत विकासाचा उल्लेख आला. महाराष्ट्रात त्याच आर्थिक वर्षात ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ झाली. दहा वर्षांची महागाई वजा केली, तर ही वाढ कमी आणि भरपाई जास्त. ‘ड’ वर्गाचे अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार झाले. वेतनाच्या वाट्याला महिना दोन हजार. या क्षेत्रात राबणाऱ्या वीस हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती हव्या होत्या. त्यांना टक्केवारी मिळाली.

२०२४ चे धोरण डॉ. विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केले. त्यात दहा क्षेत्रे धरली आहेत : कारागिरी, लोककला, संगीत, रंगभूमी, नृत्य, चित्रपट, दृश्यकला, गडकिल्ले व पुरातत्त्व, भक्तिसंस्कृती आणि भाषेसोबत साहित्य, ग्रंथव्यवहार व वाचनसंस्कृती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि फटाके वाजले. वाचनसंस्कृती हा शब्द धोरणात आला. ती सांभाळणारे संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आहे आणि १९६७ च्या कायद्यात उपकराचे कलम अजून नाही.