फिडेलच्या तळावरचे तीन तास

2 डिसेंबर 1956 रोजी ‘ग्रान्मा’ नावाच्या बोटीतून 82 जण मेक्सिकोहून येऊन क्यूबाच्या पूर्व भागातल्या किनाऱ्यावर उतरले. तीनच दिवसांत लष्कराने त्यांना गाठलं. बरेच मारले गेले, बरेच पकडले गेले, आणि जी मूठभर माणसं उरली ती सिएरा माएस्त्राच्या डोंगरात शिरली. त्यांचा म्होरक्या फिडेल कॅस्ट्रो ठार झाल्याची बातमी एका अमेरिकी वृत्तसंस्थेने जगभर पाठवली. ज्याच्याविरुद्ध हे बंड होतं त्या हुकूमशहा बातिस्ताला ती सोयीचीच होती. मेलेल्या माणसाच्या मागे डोंगरात कोण जाणार?

जानेवारीत वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसल्यावर आपण जिवंत आहोत हे सांगायला फिडेलला परदेशी पत्रकारच हवा होता. निरोप हवानामार्गे ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या हर्बर्ट मॅथ्यूजपर्यंत पोहोचला. मॅथ्यूज तेव्हा 57 वर्षांचे होते. स्पेनचं यादवी युद्ध त्यांनी रणभूमीवरून लिहिलं होतं, पण आता ते संपादकीय विभागात अग्रलेख लिहीत. तरी ते निघाले. पत्नी नॅन्सी सोबत होत्या; वाटेत नाकाबंदी असली तरी मध्यमवयीन अमेरिकी पर्यटक जोडप्याचा संशय कोण घेणार, हा हिशेब होता. हवाना ते मान्सानिलो रात्रभर मोटार, नॅन्सी तिथेच थांबल्या, पुढे जीप, मग अंधारात चिखल तुडवत पायपीट. वाटाड्यांची खूण म्हणजे एक दबकी शिट्टी.

17 फेब्रुवारी 1957 च्या पहाटे तीस वर्षांचा फिडेल झाडीतून समोर आला. आसपास लष्कराच्या तुकड्या होत्या, म्हणून तीन तासांचं सगळं बोलणं कुजबुजत झालं. खायला बिस्किटं आणि हॅम, प्यायला कॉफी, नंतर सिगार. फिडेलने दुर्बीण लावलेली रायफल दाखवली, नोटांचं पुडकं दाखवलं. मॅथ्यूजनी टिपणांवर त्याची तारखेसह सही घेतली. त्या सहीत त्यांचा सगळा जुना अनुभव दिसतो. उद्या कोणी खोटं म्हणालं तर, याची तयारी त्यांनी डोंगरातच केली होती.

आणि तसंच झालं. 24 फेब्रुवारीला पहिल्या पानावर मुलाखत आली. हवानात येणाऱ्या अंकांतून ती कात्रीने कापून काढली गेली, पण न्यूयॉर्कमधल्या क्यूबन मंडळींनी तिच्या प्रती टपालाने मायदेशी धाडल्या. मुलाखत काल्पनिक आहे, खरी असेल तर दोघांचा एकत्र फोटो कुठे आहे, असं संरक्षणमंत्र्याने विचारलं. 28 तारखेला ‘टाइम्स’ने तो फोटो छापला. खुद्द बातिस्तानेही पुढे आठवणींत भेट झाल्याचं मान्य केलं.

आता या भेटीची दुसरी बाजू. बोलणं चालू असताना एक धापा टाकणारा जवान आला आणि ‘दुसऱ्या तुकडीचा’ निरोप्या आल्याची वर्दी देऊन गेला. दुसरी तुकडी अस्तित्वातच नव्हती. फिडेलजवळ तेव्हा जेमतेम वीसेक माणसं होती. आमच्या टोळ्या दहा ते चाळीस जणांच्या, असं तो सांगत होता. मॅथ्यूजनी ते लिहिलं, आणि डोंगर फिडेलच्या ताब्यात असल्याचं चित्र वाचकांपुढे उभं राहिलं. सत्तेवर आल्यावर, एप्रिल 1959 च्या अमेरिका दौऱ्यात फिडेलने ही युक्ती स्वतःच हसत सांगितली.

बंडखोरांच्या तळावर गेलेल्या बातमीदाराची अडचण इथेच आहे. वाट त्यांची, वाटाड्या त्यांचा, भेटीची वेळ त्यांची. मागे वळून रानात किती माणसं आहेत ते मोजायची सोय नाही. पण आपण काय पाहिलं आणि आपल्याला काय सांगितलं गेलं, हे वेगळं लिहिणं तर हातात असतं. मॅथ्यूजसारख्या मुरलेल्या माणसाकडून ती अपेक्षा जास्तच करावी लागते.

फिडेल पुढे सोव्हिएत गोटात गेला, तेव्हा अमेरिकेत मॅथ्यूजवर खापर फुटलं. ‘मला नोकरी न्यूयॉर्क टाइम्सने मिळवून दिली’ अशी ओळ फिडेलच्या तोंडी घातलेलं व्यंगचित्र निघालं. कम्युनिस्टधार्जिणे म्हणून त्यांना शेवटपर्यंत बोल लागत राहिला. 1977 साली ऑस्ट्रेलियात ते वारले. फिडेलला सत्तेवर बसवल्याचा आरोप मला अन्याय्य वाटतो. बातिस्ता त्या एका मुलाखतीने पडला नाही. त्याच्या राजवटीचा छळ आणि भ्रष्टाचार क्यूबाच्या लोकांना आधीच असह्य झाला होता. फिडेल जिवंत आहे ही बातमी मॅथ्यूजनी जीव धोक्यात घालून, डोळ्यांनी पाहून दिली. त्यांची चूक एवढीच, की माणसं किती हे त्यांनी फिडेलच्या तोंडचं लिहिलं.