तळोज्याच्या मुक्कामी अन्नपाण्याची तजवीज

तळोज्यास मुक्कामाला येणारा मनुष्य हवापालटासाठी आलेला नसतो. पनवेल तालुक्यातील या गावाशेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून येथील पाहुणा म्हणजे यंत्राच्या जोडणीसाठी आलेला अभियंता, मालाच्या व्यवहारासाठी आलेला प्रतिनिधी किंवा कारखान्याचे दप्तर तपासणारा हिशेबनीस. आणि दिवसभर रसायनांच्या दर्पात वावरून सायंकाळी हॉटेलवर परतलेल्या या गृहस्थास जेवावे कोठे, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

हॉटेलच्या भोजनगृहात सकाळचा नाश्ता खुशाल करावा. तो बहुधा खोलीच्या भाड्यातच धरलेला असतो. रात्री मात्र तेथे तीच दाल तडका आणि तेच पनीर बटर मसाला पुढे येते, जे नागपुरास आणि नाशकासही आले असते. सबब एक रात्र तरी मुंब्रा-पनवेल रस्त्यालगतच्या एखाद्या आगरी खानावळीसाठी राखून ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हा मुलूख मुळात भातशेतीचा आणि खाडीचा, म्हणून येथील भाकरी तांदळाची, उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढून थापलेली, पांढरीशुभ्र व मऊसूत. तिच्याबरोबर आगरी मसाल्याचे लालभडक कालवण, तळलेले बोंबील किंवा सुकटीची चटणी. जिताडा मिळाला तर भाग्य समजावे. खाऱ्या व गोड्या अशा दोन्ही पाण्यांत वाढणारा हा मासा पेण-अलिबागकडे गावतळ्यांतूनही पाळला जातो, आणि कचेरीत काम अडले की साहेबाच्या घरी जिताडा पोहोचविण्याचा रिवाज एके काळी होता, असे जुनी मंडळी डोळे मिचकावून सांगतात. गंमत अशी की, याच वसाहतीतील शीतगृहांतून गोठविलेली मासळी परदेशी रवाना होते आणि शेजारच्या हॉटेलात उतरलेला पाहुणा पनीर मागवितो!

हिवाळ्यात कोणी पोपटीचे निमंत्रण दिल्यास ते नाकारू नये. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी व कोंबडी रचतात, पाण्याचा थेंबही न घालता तोंड पाल्यानेच बंद करून मडके उपडे ठेवतात व भोवती जाळ करतात. हा प्रकार शेतावरचा. खानावळीत त्याची खरी लज्जत नाही.

शाकाहारी पाहुण्याने पळस्पे फाट्यावरील दत्त स्नॅक्समध्ये कोथिंबीर वडी आणि पियूष घ्यावे. अथवा १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर धावू लागलेल्या मेट्रोत पेठाली-तळोजा स्थानकावर बसून खारघर गाठावे, तेथे निवड पुष्कळ आहे. चहासाठी मात्र कोठेही जाण्याचे कारण नाही: पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर मिळणारा कटिंग हॉटेलच्या किटलीतील चहापेक्षा केव्हाही सरस.

मद्यपानाविषयी दोन शब्द. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अद्याप अमलात असल्याने पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. बीअरसाठी वयाची एकवीस व कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे पुरी झालेली असावी लागतात. परमिट रूममध्ये हा परवाना कोणी क्वचितच मागतो, पण म्हणून कायदा रद्द झाला असे नव्हे. एक दिवसाचा परवाना अल्प शुल्कात मिळतो, तो घ्यावा.

शेवटी पंचांगाकडेही लक्ष असू द्यावे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते आणि पाठोपाठ श्रावण येतो. त्या दिवसांत येणाऱ्याने ताज्या पापलेटाचा हट्ट न धरता खाडीची मासळी, नाहीतर सुके बोंबील मागवावेत.