पोर ‘रुळलं’ म्हणजे काय झालं?



लागण, खत, पाणी सोडून आम्ही लेकरांवर लिहितोय, हे काहींना खटकेल. पण गाळप हंगामात फडावर फिरताना तोडणीच्या बायांकडून एक गोष्ट हमखास कानावर येते. दिवाळीनंतर लहानगं पोर आजीजवळ ठेवून जोडपं कोयत्यावर येतं. पट्टा पडल्यावर गावी गेलं, की पोर आईला बघून आजीच्या मागं दडतं. आजी म्हणते, “चार दिवस रडलं, मग रुळलं की!”

हे रुळणं इंग्लंडात जेम्स रॉबर्टसन यांनी बारकाईनं पाहिलं. त्या काळी तिथल्या इस्पितळांत आईबापांना मुलाजवळ राहू देत नसत. शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेल्या दोन वर्षांच्या एका मुलीवरचा त्यांचा चित्रपट १९५२ साली दाखवला गेला. रॉबर्टसन आणि डॉ. जॉन बोल्बी यांनी ताटातुटीचे तीन टप्पे सांगितले. आधी मूल आकांत करतं. मग खचून गप्प बसतं. ताटातूट लांबली, की खातं, खेळतं, पण आई आली तरी तिच्याकडं जात नाही. दवाखान्यातली माणसं यालाच रुळलं म्हणत. रोप सुकलं तर पान सांगतं, इथं वरून सगळं हिरवंच दिसतं.

हाक मारली तर आपलं माणूस येतं का, याचा अंदाज मूल तेव्हाच बांधतं. मोठेपणी संसारातही तोच अंदाज चालू राहू शकतो. कुणी जरा उशीर झाला की संशय घेतं, कुणी दुखलं-खुपलं सांगतच नाही. आम्ही स्वतः सहाव्या वर्षापासून मामाकडं वाढलो. अंगात ताप असला तरी आम्ही घरात बोलत नाही, ही मंडळींची तक्रार आजही आहे. अर्थात प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. मायेचं एक माणूस कायम जवळ असलं, तर पुष्कळ सावरतं. पुढं चांगली सोबत मिळाली, तरीही सावरतं.

म्हणून पोर ठेवायचंच असेल, तर एकाच माणसाजवळ ठेवावं. झोपेत टाकून निघू नये, सांगून निघावं. परत गेल्यावर ते जवळ आलं नाही तर ओढू नये, रागावू नये, नुसतं शेजारी बसत जावं. पुढं रुसलं, चिडलं, तर समजावं की गाडी रुळावर येतेय.

रोज ठरल्या वेळी फोनवर आईचा आवाज ऐकू आला तरी पोराला आधार होतो. ज्यांच्या शेताजवळ टोळ्यांच्या खोप्या आहेत, त्या सभासदांनी संध्याकाळी मोबाईल चार्जिंगसाठी एक बोर्ड मोकळा ठेवावा.