परक्याला घरात घेणारे शब्द

ग्रीकांकडे प्रेमासाठी चार शब्द आहेत, असं हल्ली जिथे तिथे वाचायला मिळतं. इरॉस म्हणजे शरीराची ओढ, फिलिया म्हणजे मैत्री, स्टॉर्गे म्हणजे आईबापाची माया आणि अगापे म्हणजे निरपेक्ष, जवळजवळ दैवी प्रेम. सी. एस. लुईस यांच्या १९६० सालच्या ‘द फोर लव्ह्ज’ या पुस्तकाने ही मांडणी फार लोकप्रिय केली. लक्षात ठेवायला ती सोपी आहे, पण ग्रीक भाषा अशी चार कप्प्यांत कधी बसली नाही. हिब्रू बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात दावीद राजाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, लुब्ध होतो आणि पुढे तिच्यावर बळजबरी करतो. त्याच्या त्या आसक्तीसाठी भाषांतरकारांनी वापरलेलं क्रियापद ‘अगापे’च्याच घराण्यातलं आहे. आजही ग्रीसमध्ये प्रेयसीला, आईला, लेकराला एकच ‘सगापो’ पुरतं, आणि तेही त्याच धातूचं.

प्रेमाचे प्रकार मोजण्यात मला म्हणूनच रस वाटत नाही. ग्रीक आणि रशियन या भाषांचं खरं वैभव दुसरीकडे आहे. परका माणूस आपला कसा होतो, हे त्यांनी शब्दाशब्दांत जपून ठेवलं आहे.

‘फिलोस’ हा शब्द घ्या. आज त्याचा अर्थ मित्र. होमरच्या काव्यात मात्र माणसाचे स्वतःचे गुडघे, स्वतःचे हात, स्वतःचं काळीज यांनाही हेच विशेषण लागतं. ‘प्रिय’ आणि ‘स्वतःचं’ यांत तिथे फारसं अंतरच नाही. भावाची गोष्ट आणखी वेगळी. आपला ‘भ्राता’, रशियन ‘ब्रात’ आणि ग्रीक ‘फ्रातेर’ हे एकाच मुळाचे, पण ग्रीकांनी आपला शब्द बिरादरीच्या सदस्याला देऊन टाकला. (बिरादरी हा शब्दही त्याच मुळातून फारसीमार्गे आपल्याकडे आला.) मग सख्ख्या भावाला काय म्हणायचं? त्यांनी नवा शब्द घडवला : ‘आदेल्फोस’, म्हणजे एकाच उदरातला. आपला ‘सहोदर’ घडला अगदी तसाच.

‘क्सेनोस’ म्हणजे परका, आणि पाहुणाही. ‘इलियड’च्या सहाव्या सर्गात शत्रुपक्षांतले ग्लाउकोस आणि दिओमेदेस भर रणात समोरासमोर येतात, दिओमेदेस ग्लाउकोसला कूळ विचारतो, आणि एकाच्या आजोबांनी दुसऱ्याच्या आजोबांचा पाहुणचार केला होता हे उघड होतं. तिथल्या तिथे भाले खाली येतात. दोघे चिलखतांची अदलाबदल करतात. ग्लाउकोसचं सोन्याचं, शंभर बैलांच्या मोलाचं. दिओमेदेसचं काशाचं, नऊ बैलांच्या मोलाचं. व्यवहार तोट्याचा झाला हे होमर स्वतःच सांगतो, पण दोन पिढ्यांपूर्वीच्या एका पाहुणचाराने दोन जीव वाचले. पुढच्या काळात असे स्नेही एखादी वस्तू मोडून तिचे अर्धे-अर्धे तुकडे जपून ठेवत. वर्षांनी कुणी दारात उभं राहिलं तर तुकडे जुळवून ओळख पटायची. त्या तुकड्याचं नाव ‘सिंबोलोन’, इंग्रजी ‘सिंबॉल’चा पूर्वज.

परक्याशी नातं जोडण्याची रीत अजून मोडलेली नाही. ग्रीक ऑर्थोडॉक्स लग्नात फितीने जोडलेले दोन मुकुट वधूवरांच्या डोक्यांवर तीनदा अदलाबदल करून ठेवतात. हे करणारा ‘कुंबारोस’ तेव्हापासून घरचा होतो, आणि बहुतेकदा पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यालाही तोच उभा राहतो. घरच्या माणसाला लाडाने हाक मारताना ग्रीक माणूस ‘माझे डोळे’ म्हणतो, ‘माझा आत्मा’ म्हणतो, आणि ‘त्झिएरी मू’ही म्हणतो : माझं यकृत. हा शब्द तुर्कीतून आला, तुर्कीत फारसी ‘जिगर’वरून. आपला जिगरी दोस्त आणि अथेन्समधलं ‘त्झिएरी’ सख्खे निघाले!

रशियनांना ग्रीकांकडून धर्म मिळाला. किएव्हचा शासक व्लादिमीर याने ९८८ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्याबरोबर ग्रीक नावं आली. सोफिया आणि तिच्या तीन मुलींच्या संतकथेत आईचं नाव ग्रीकच राहिलं, पण पिस्तिस, एल्पिस, अगापे या मुली झाल्या वेरा, नादेझ्दा, ल्युबोव्ह : श्रद्धा, आशा, प्रीती. जी नावं भाषांतरित झाली नाहीत, त्यांना रशियनांनी घरात आणून पार वितळवलं. ‘आलेक्सान्द्र’ या भारदस्त ग्रीक नावाचं साशा होतं, शुरा होतं, जवळ घेताना साशेन्का, दटावताना साश्का. रशियन कादंबऱ्यांच्या मराठी अनुवादांत एकाच पात्राची चार-चार नावं पाहून वाचक गोंधळतो, पण कोण कुणाच्या किती जवळ आहे, हे त्या नावांवरूनच कळतं. लेखक चेखव तर याल्टाहून मॉस्कोला आपल्या बायकोला, नटी ओल्गा क्निप्परला, पत्रांत ‘माझे लाडके कुत्रे’ म्हणायचा.

रशियनमध्ये चुलत-मामे भाऊही ‘ब्रात’च. सख्खा सांगायचा तर ‘रदनोय ब्रात’ म्हणावं लागतं. इथवर आपली मराठी बरोबर चालते. पुढे वाट फुटते. आपला ‘सख्खा’ बहुतेकदा रक्ताशी थांबतो. रशियन नवरा मात्र बायकोला ‘रदनाया’ म्हणतो, आणि यापेक्षा खोल संबोधन त्या भाषेत मला तरी माहीत नाही. हा शब्द ‘रोद’ म्हणजे कूळ यावरून आला. त्याच मुळातून मायभूमी (‘रोदिना’), आईवडील (‘रदीतेली’) आणि झरा (‘रदनीक’) हे शब्द निघाले. परक्या घरातून आलेल्या माणसाला कुळात घेतल्याचं तो एका हाकेत सांगतो. नात्याची हाक सत्तेलाही लागली. ३ जुलै १९४१ रोजी, जर्मन सैन्य आत घुसलेलं असताना, स्टालिनने रेडिओवर ‘कॉम्रेड’, ‘नागरिक’ यांच्या जोडीला ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ म्हटलं. ती चर्चमधली हाक होती, आणि तरुणपणी धर्मपाठशाळेत शिकलेल्या त्या माणसाला तिचं वजन नेमकं ठाऊक होतं.

पण मला सर्वांत आवडतं ते रशियन व्याकरणातलं एक छोटं वळण. त्या भाषेत ‘मी’ म्हणजे आम्ही. ‘आई आणि मी’ म्हणायचं असेल तर रशियन माणूस म्हणतो ‘मी स मामोय’, शब्दशः ‘आईसह आम्ही’. मराठीत ‘आम्ही आईबरोबर बाजारात गेलो’ म्हटलं तर ऐकणारा किमान तीन माणसं मोजेल. रशियनमध्ये ती बहुतेकदा दोनच असतात.