शंभर पावलांचा हिशेब

(पहिलं पाऊल : लेखांक ९)

मीठ या आठवड्यात राहून गेले. चहातल्या साखरेनंतर मिठाकडे वळायचे असे सांगून ठेवले होते, पण मध्येच सातारा जिल्ह्यातून एका आजींचे पत्र आले. वय एकाहत्तर. चाळीस वर्षे रात्रीचे जेवण आटोपले की अंगणात शतपावली घालायची, हा त्यांचा नेम. दिवाळीत मुलाने नवा फोन दिला आणि त्यात पावले मोजायची सोय करून दिली. रोज रात्री आकडा दिसू लागला. कधी २,८००, कधी ३,२००. मुलगा म्हणाला, "आई, निदान दहा हजार तरी व्हायला हवीत." गुडघे तेवढी साथ देईनात. दहा हजार काही झाली नाहीत आणि महिन्याभरात शतपावलीही सुटली. शंभर पावलांनी काय व्हायचंय, असे त्यांना वाटू लागले. पत्राच्या शेवटी एकच प्रश्न आहे : शतपावलीला खरोखर काही अर्थ आहे का?

आहे. मिठाने आठवडाभर थांबावे इतका आहे.

आधी त्या दहा हजारांचा उगम पाहू. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक झाले, जपानमध्ये व्यायामाचे वारे वाहू लागले आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचे पावलांचे मोजयंत्र बाजारात आणले. त्याचे नाव 'मानपो-केई'. 'मान' म्हणजे दहा हजार, 'पो' म्हणजे पावले, 'केई' म्हणजे मोजणारे यंत्र. आकडा गोल होता, नाव जिभेवर बसणारे होते आणि विक्रीसाठी ते कामी आले. पुढे तोच आकडा जगभरच्या घड्याळांत आणि फोनांत जाऊन बसला. रोज तेवढी पावले चाललीच पाहिजेत, असे त्या वेळी कोणत्याही प्रयोगातून सिद्ध झालेले नव्हते.

हार्वर्डच्या आय-मिन ली यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजींसाठी जास्त मोलाचा आहे. त्यात १६,७४१ स्त्रिया होत्या, सरासरी वय ७२. प्रत्येकीच्या कमरेला सात दिवस यंत्र लावून पावले मोजली आणि पुढे सरासरी चार वर्षांहून अधिक काळ त्यांची माहिती ठेवली. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या गटापेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या गटात मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. ७,५०० च्या आसपास हा लाभ स्थिरावला. असे अभ्यास निरीक्षणाचे असतात, हेही ध्यानात ठेवायला हवे. प्रकृती बरी असलेली माणसे मुळातच जास्त चालतात, त्यामुळे सगळे श्रेय पावलांना देता येत नाही. तरीही दीड-दोन हजार पावलांच्या फरकाला साठीनंतर किंमत आहे, एवढे त्यातून नक्की दिसते.

आणखी एक गोष्ट. आजींचा फोन दिवसातला बराच वेळ स्वयंपाकघरातल्या फडताळावर असतो, असे पत्रातच एका ओळीत आले आहे. ओटा, मोरी, तुळशीवृंदावन, मागची पडवी या सगळ्या फेऱ्या त्याने मोजल्याच नाहीत. फोन पदराला बांधलेला नसेल तर त्याचा आकडा खरा धरू नये.

आता शतपावली. सुश्रुतसंहितेत जेवणानंतरचा क्रम सांगितला आहे : आधी जेवणाचा शीण उतरेपर्यंत राजासारखे स्वस्थ बसावे, मग शंभर पावले चालावे आणि नंतर डाव्या कुशीवर पहुडावे. ही शंभर पावले म्हणजे किती, हे एका दोन खोल्यांच्या घरात टेप लावून मोजले. बाहेरच्या दारापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत सात मीटर. मधली खुर्ची भिंतीला सरकवली की बारा पावले. म्हणजे आठ-नऊ खेपांत शंभर पूर्ण. वळायला लागणारा वेळ धरून घड्याळात सव्वा मिनिट झाले.

सव्वा मिनिट फारच थोडे आहे. पण तेच दहा मिनिटांवर नेले तर काय होते, याचे उत्तर न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातून २०१६ मध्ये मिळाले. टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांना काही दिवस रोज कोणत्याही वेळी सलग तीस मिनिटे चालायला सांगितले, आणि काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटे. चालण्याचा एकूण वेळ तेवढाच. तरी जेवणानंतर चालण्याच्या दिवसांत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. रात्रीच्या ताटात पिष्टमय पदार्थ सर्वांत जास्त आणि त्यानंतर माणसे सर्वांत जास्त बसून, हे त्याचे कारण संशोधकांनी दिले. आपल्याकडचा रात्री साडेनऊचा वरणभात आणि त्यानंतरची मालिका डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे लगेच पटेल.

हे घडते कसे? जेवल्यावर साधारण अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत रक्तातली साखर चढलेली असते. त्या वेळी पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू हलत असले तर ते रक्तातली साखर थेट ओढून घेतात. स्नायू आकुंचन पावू लागला की साखर आत घेणारी त्याची दारे इन्शुलिनच्या हुकमाशिवायही उघडतात. ज्यांच्या शरीरात इन्शुलिनचे म्हणणे नीट ऐकले जात नाही, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. आणि अशी माणसे आपल्या देशात किती आहेत? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीचा अंदाज १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे, असा आहे.

शतपावली या लेखमालेला इतकी प्रिय का, त्याचे उत्तर लंडनच्या बसमध्ये सापडते. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसवरच्या चालक-वाहकांसह सुमारे ३१ हजार कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून वरखाली करत तिकिटे फाडणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. मुंबईत बेस्टच्या दुमजली बसचा जिना जे चढले आहेत, त्यांना ती मेहनत ठाऊक आहे. त्या वाहकांनी व्यायामाचा संकल्प केला नव्हता. वरच्या मजल्यावर उतारू बसले की जिना चढावाच लागे. शतपावलीचेही तसेच. जेवण रोज होतेच, आणि हात धुवायला उठलेला माणूस आधीच उभा असतो. पहाटेच्या फिरण्यासाठी गजर, बूट आणि निश्चय लागतो. पाऊस पडला की तो निश्चय मोडतो. शतपावलीला घरातल्या घरात पाऊस लागत नाही.

कोल्हापुरातल्या एका घरात खिडकीच्या कट्ट्यावर एक वाटी असते आणि वाटीजवळ दहा चिंचोके. घरातल्या बाई रात्री ओटा पुसून झाला की गॅलरीत फेऱ्या सुरू करतात. एक फेरी झाली की एक चिंचोका वाटीत. दहा झाले की वाटी उपडी करून पुन्हा पहिल्यापासून. फोन तेव्हा चार्जिंगला लावलेला असतो. चिंचोके हाताळून गुळगुळीत, चकचकीत झाले आहेत.

काही पथ्ये मात्र सांगायलाच हवीत. चाल गप्पा मारता येतील इतकी सावकाश असावी. भरल्या पोटी भरभर चालले की कुशीत कळ येते. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये, पायाला लागलेले कधी कधी कळत नाही. इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा बदल डॉक्टरांच्या कानावर घालावा. आणि जेवल्यावर चालताना छाती भरून येत असेल, तर ते पित्त समजून अंगावर काढू नये. लगेच तपासून घ्यावे.

आजी, शतपावली पुन्हा सुरू करा. अंगणात, तुमच्या नेहमीच्या वेळी, गुडघे म्हणतील तितकीच. आधी दोन मिनिटे, पंधरा दिवसांनी पाच, जमेल तेव्हा दहा. मुलालाही सोबत घ्या. त्याचे दहा हजार होत असले तरी रात्रीच्या जेवणानंतर तो बसूनच असणार.

मीठ पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर वाचकांनी एवढे करावे : मिठाची नवी पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर पेनाने तारीख घाला आणि घरात जेवणारी माणसे किती, तेही लिहा. पुढचा हिशेब त्या पिशवीवरूनच करायचा आहे.