जस्ताने धरलेले पाणी

फुप्फुसातील केशवाहिनीतून रक्त जेमतेम पाऊण सेकंदात पुढे सरकते. तेवढ्यात, बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात आलेल्या कार्बन डायऑक्साइडचा पुन्हा वायू व्हायला हवा. नुसत्या पाण्यात याला कित्येक सेकंद लागतात. मग उच्छ्वास साधतो कसा?

तांबड्या पेशींतील कार्बोनिक अनहायड्रेज या विकरामुळे. त्यात जस्त असते, हे केलिन व मान यांनी १९४० साली दाखवले. या जस्ताला तीन बाजूंनी हिस्टिडिन धरून ठेवतात. चौथ्या बाजूला पाण्याचा रेणू असतो. एरवी पाणी आपला प्रोटॉन सहजी सोडत नाही. पण जस्ताचा धनभार त्यातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो आणि सामू ७ च्या आसपासच प्रोटॉन सुटतो. उरलेला हायड्रॉक्साइड शेजारच्या कार्बन डायऑक्साइडवर हल्ला करतो, बायकार्बोनेट बनून निघून जाते, त्या जागी नवे पाणी येते. ऊतींमध्ये असे घडते. फुप्फुसात नेमके उलट. विकराचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा हे करू शकतो!

विद्यार्थी 'जस्त उत्प्रेरक' एवढेच लिहितात आणि पाणी विसरतात. जस्ताचा भार +२ च राहतो. इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीत ते पडत नाही. काचबिंदूवरील असिटाझोलामाइड हे औषध नेमके या पाण्याची जागा अडवते.